शिलारस

सुरतच्या बमरोलीहून भाच्याचा फोन. "मामा, स्वीटगमला मराठीत काय म्हणतात?" कॉलेजात वाळल्या फांद्यांचे नमुने करायचेत, त्यात पुस्तकात हे नाव भेटले.

झाड अमेरिकेचे. पान चांदणीसारखे, नाव लिनियसने १७५३ मध्ये ठेवलेले. आपल्याकडचे नव्हेच, पण त्याच्या तुर्कस्तानी भावंडाचा सुगंधी चीक आपल्या आजीच्या धुपात असे. शिलारस! कन्नडमध्येही शिलारसच.

मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहात नमुन्याखाली गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव असते. ती चिठ्ठी गेली की उरतो पाचोळा. भाच्याला म्हटले, तिथल्या लोकांच्या तोंडचे नावही लिही बाबा.

ऐन म्हणजेच मत्ती, हे सांगणारे तुमच्या घरी अजून कोणी आहे का?