पाणतीर कोणाचा?

नव्या पाणबुडीचे जलावतरण झाले की तिची छायाचित्रे आपण अभिमानाने पाहतो. तिच्या पोटातला पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, कोणाचा हे विचारायचे मात्र राहून जाते. या शस्त्राचा आरंभीचा इतिहास तो प्रश्न विचारायला लावणारा आहे.

ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील फियुमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका येथे, रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने १८६६ साली पहिला स्वयंचलित पाणतीर सिद्ध केला. मूळ कल्पना लुपिस या ऑस्ट्रियन नौदल अधिकाऱ्याची. दाबलेल्या हवेवर चालणारे ते यंत्र पाण्यात खालीवर होत जाई. पाण्याचा दाब जाणणारी झडप आणि लंबक यांची सांगड घालून व्हाइटहेडने ते ठरावीक खोलीवर आणले. ही युक्ती ‘रहस्य’ म्हणूनच ओळखली जाई. पण ते रहस्य स्वतःपुरते राखण्याइतका पैसा ऑस्ट्रियाच्या तिजोरीत नव्हता! ब्रिटनने १८७१ मध्ये हक्क विकत घेतले आणि वूलिच येथे स्वतःचे उत्पादन सुरू केले.

तुर्कस्तानच्या सुलतानाने नेमके उलट केले. १८८० च्या दशकात त्याने नॉर्डनफेल्ट पाणबुड्या आयात केल्या. पाण्याखालून पाणतीर सोडणारी पहिली पाणबुडी म्हणून त्यांतील ‘अब्दुलहमीद’चे नाव घेतले जाते. परंतु पाणतीर सुटला की पुढचे वजन घटून तिचा तोल ढळे. चालवायला प्रशिक्षित माणसेही मिळेनात. अखेर त्या पाणबुड्या गोदीतच गंजल्या. पुढे ही विद्या आत्मसात केलेल्या जर्मनीच्या एकट्या ‘यू-९’ पाणबुडीने २२ सप्टेंबर १९१४ रोजी दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. चौदाशेहून अधिक नौसैनिक गेले.

आता आपल्याकडे वळू. माझगाव गोदीत बांधलेली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली, ती नव्या पाणतीरांविना. जुन्या जर्मन पाणतीरांवर भागवावे लागले. इटलीच्या ज्या कंपनीचे पाणतीर निवडले होते, ती संपुआ काळातील हेलिकॉप्टर घोटाळ्यात सापडलेल्या उद्योगसमूहाची. म्हणून ती खरेदी रद्द झाली. भ्रष्टाचाराशी तडजोड नको, हे योग्यच. पण हाताशी स्वदेशी पर्याय का नव्हता? विशाखापट्टणमच्या प्रयोगशाळेने ‘वरुणास्त्र’ घडवले, तेही आधी युद्धनौकांसाठी. स्वदेशी पाणतीर ‘कलवरी’ वर्गात बसवण्याचा करार व्हायला डिसेंबर २०२४ उजाडले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये याच पाणबुड्यांसाठी ४८ पाणतीरांचा करार झाला, तो त्याच इटालियन कंपनीशी. तिच्या नावातील पहिले अक्षर व्हाइटहेडचे आहे.