सातबाऱ्यावर नाव लागलं, वारसा मात्र लिहायचा राहिला

एप्रिल २०२५ मध्ये महसूल विभागाने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. खातेदार वारला, वर्षे उलटली, तरी सातबाऱ्यावर नाव त्याचेच. अशी नावे शोधायची आणि त्या जागी वारसांची लावायची, एवढेच या मोहिमेचे काम होते. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेला हा उपक्रम गावोगावच्या चावडीवाचनापर्यंत पोहोचला. खरे तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे असते. हे साधे काम घराघरांत इतके तुंबले होते की त्यासाठी सरकारला दारात यावे लागले.

पुणे जिल्ह्यात या दिरंगाईची सर्वांत मोठी किंमत भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, मोजू शकतात. इथली जमीन मुळात थोडी. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा देवघर या धरणांनी खोऱ्यातली चांगली भातखाचरे पोटात घेतली. उरले ते उतारावरचे तुकडे, वरकस आणि माळ. पिढ्यान्‌पिढ्या त्याला कोणी विचारत नव्हते, म्हणून वाटण्या तोंडीच झाल्या. घरातले निम्मे लोक मुंबई-पुण्याला नोकरीला गेले आणि थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढी अक्षरे पडली की सगळ्यांना पुरेसे वाटायचे. आता त्याच वरकसावरून धरणाचे पाणी दिसते म्हणून बंगल्यांसाठी गिऱ्हाईक येते. पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याचा पश्चिम भाग मावळातल्या उर्से गावापासून भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकपर्यंत येतो. भूसंपादनाचा मोबदला कोणाच्या खात्यात जमा व्हायचा, हा प्रश्न पडला की कपाटातले कागद बाहेर निघतात आणि तेव्हा आजोबांच्या फेरफाराचाही पत्ता नसतो.

समजा, आजोबांच्या नावावर दोन एकर आहे. त्यांना तीन मुलगे, दोन मुली. पाचही जण आता हयात नाहीत आणि प्रत्येकामागे चार वारस आहेत. म्हणजे ऐंशी गुंठ्यांना वीस सह्या. त्यातला एक सुरतला, एक अमेरिकेत, एक बोलत नाही, एक अज्ञान. या वीस जणांपैकी कोणाही एका सज्ञान वारसाला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. दलाल नेमके त्यालाच गाठतो. हिस्सा घेणारा परका माणूस उद्या वाटपाचा दावा लावतो आणि मग उरलेल्या एकोणीस जणांना भोरच्या दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

या संकटावर कायद्यात एक उपाय आहे आणि तो गावांत फार कमी लोकांना माहीत आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वारशाने एकत्र मिळालेल्या मिळकतीतला हिस्सा एखादा वर्ग १ चा वारस विकू पाहत असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा असतो. किंमत जमली नाही तर ती न्यायालय ठरवते. शेतजमिनीलाही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये बाबू राम विरुद्ध संतोख सिंग या खटल्यात स्पष्ट केले. पण हा हक्क वेळेवर बजावायचा तर आपण वारस आहोत हे कागदावर दिसायला हवे. वारसनोंद लागते ती इथे.

मात्र वारसनोंद म्हणजे मालकी नव्हे, हे तितक्याच ठामपणे सांगायला हवे. सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे अभिलेख आहेत. उलट सिद्ध होईपर्यंत ते खरे मानले जातात, एवढेच कलम १५७ सांगते. मालकीचा वाद आला तर तो दिवाणी न्यायालयच मिटवते. ‘आमचं नाव लागलंय, आता काय चिंता’ असे म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. नोंद गेलेल्या माणसामागे चालत येते. त्या माणसाच्या मनात काय होते, हे सांगण्याची सोय तिच्यात नसते.

ती सोय मृत्युपत्रात असते. त्याबद्दल आपल्याकडे विनाकारण भीती आहे. घरात हा शब्द काढला की ‘अजून धडधाकट आहे मी’ हे उत्तर तयार असते. पण धडधाकट असतानाच ते लिहायचे असते, कारण सही करताना मन शाबूत होते हेच पुढे सिद्ध करावे लागते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हातानेही ते लिहिता येते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ ची मुख्य अट एकच: लिहिणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि किमान दोन साक्षीदारांनी ते पाहून त्याच्यासमोर आपल्या सह्या करायच्या. साक्षीदार लिहिणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला न्यायालयात उभे राहावे लागू शकते. ज्याला मिळकत मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही भोर-वेल्ह्यातल्या माणसाने ती करावीच, कारण घरात ठेवलेला कागद भाऊबंदकीत हरवायला वेळ लागत नाही. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आठ-अचा खाते क्रमांक हे सगळे सातबारा समोर ठेवून लिहावे. ‘माझी सगळी जमीन धाकट्याला’ अशा एका ओळीने भांडणे मिटत नाहीत, वाढतात.

मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलता येते, शेवटचे खरे. बक्षीसपत्र मात्र नोंदवले आणि ताबा दिला की सहसा परत घेता येत नाही. मुलाच्या प्रेमापोटी हयातीतच सगळे त्याच्या नावावर करून बसलेल्या आई-वडिलांची आबाळ होते, तेव्हा ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातले कलम २३ कामी येते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले बक्षीस ती अट मोडल्यास रद्द होऊ शकते. म्हणून ती अट दस्तातच लिहून घ्यावी.

मृत्युपत्राची एक मर्यादाही समजून घ्यायला हवी. माणसाला त्यात स्वतःचे तेवढेच देता येते. वडिलोपार्जित एकत्र जमिनीत त्याचा जो हिस्सा असेल तेवढाच, बाकीच्यांचा नाही. आणि या ‘बाकीच्यां’मध्ये बहिणी येतात.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद पुसला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असणे गरजेचे नाही. मुलीचा हक्क जन्माने येतो. त्याच निकालात तोंडी वाटपाचा बचाव सहसा मान्य होणार नाही, असेही म्हटले आहे. मावळ खोऱ्यातल्या अनेक घरांचे हिशेब याच एका वाक्याने बदलतात. कारण ‘आमची वाटणी आजोबांच्या काळातच झाली’ हे वाक्य इथे प्रत्येक वाड्यात ऐकू येते आणि त्याला कागद नसतो.

प्रत्यक्षात बहिणींची नावे कितीतरी सातबाऱ्यांवर ‘इतर हक्क’ या रकान्यात कोपऱ्यात बसलेली दिसतात, जणू त्या त्या घरच्या नव्हेतच. दहावे-तेरावे उरकते न उरकते तोच त्यांच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. नाही म्हटले तर माहेर तुटते, हो म्हटले तर हक्क जातो. ही पद्धत अन्यायाची आहे. ती बंद झाली पाहिजे. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय असावा, तिला वाचून दाखवून, वेळ देऊन घेतलेला. आणि तो नोंदणीकृतच हवा. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून जमिनीचा हक्क सुटत नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे भावांनी तिच्या हिश्शाची रास्त किंमत द्यावी किंवा वाटपात तिच्या नावाचा तुकडा ठेवावा. शेतजमिनीच्या वाटपपत्रावरचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला आहे. संमती असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडेही वाटप होते.

वारशाच्या भांडणाचे या मातीला नवल नाही. भोर तालुक्यातल्या कारीच्या कान्होजी जेध्यांचे वडील वतनाच्या भाऊबंदकीत मारले गेले आणि लहानगे कान्होजी मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आश्रयाने वाढले, असे जेधे करिन्यात नोंदवले आहे. त्या काळी गोतसभा बसून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करी. हजर असलेल्यांची नावे त्यावर येत आणि ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी, कुणबी असेल तर नांगर, काढत असे. चार लोकांसमोर ठरवून लिहून ठेवायची रीत इथल्याच पूर्वजांची आहे.

जमिनीइतकाच घोळ बँकेतल्या पैशाचा होतो. जिल्हा बँकेतली ठेव, पोस्टातले खाते, म्युच्युअल फंड यांना नॉमिनी लावला की तोच मालक होतो, असा सार्वत्रिक समज आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते, २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या ठेवी आणि म्युच्युअल फंड यांच्या नॉमिनींवरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नॉमिनी कंपनीकडून किंवा फंडाकडून रक्कम, समभाग आपल्याकडे घेतो. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. जरूर लावावेत, पण त्याला मृत्युपत्र समजू नये.

कुलमुखत्यारपत्राची गोष्टही अशीच. मुंबईला राहणारा माणूस गावच्या ओळखीच्याला ते देतो आणि विसरतो. देणारा वारला की सहसा त्या क्षणी मुखत्यारपत्र संपते. त्यानंतर त्याच्या जोरावर झालेला व्यवहार तपासून पाहण्याचा हक्क वारसांना आहे आणि तो त्यांनी लगेच वापरावा.

सणासुदीला, गावच्या जत्रेला मुंबईकर घरी येतात, लेकीबाळी माहेरी येतात. त्या दिवसांत एक संध्याकाळ यासाठी काढावी. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार ऑनलाइन किंवा तलाठी कार्यालयातून आधी काढून ठेवावेत. आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळते का, ते पाहावे. विशेषतः आईचे, कारण तिचे माहेरचे, सासरचे आणि शाळेतले नाव अनेकदा वेगवेगळे असते. मृत्यूचे दाखले ग्रामपंचायतीतून घ्यावेत. वारसनोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर करता येतो. हरकतीसाठीच्या नोटिशीची मुदत १५ दिवसांची असते. या बैठकीला बहिणींना बोलवावे, चहा देण्यापुरते नव्हे, तर आपला हिस्सा काय आणि त्याचे काय करायचे हे त्यांनी स्वतः सांगावे म्हणून. आणि घरातल्या थोरल्याने, मग ते आजोबा असोत की आजी, त्याच आठवड्यात दोन साक्षीदार घेऊन भोरच्या किंवा वेल्ह्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन आपले मृत्युपत्र नोंदवून यावे.