‘खासगी’ या शब्दाचा प्रवास

दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यातील अशोकस्तंभावरील सातव्या लेखात सम्राट सांगतो, की मनुष्य व पशू यांच्या उपभोगासाठी आपण रस्तोरस्ती वड लावविले, विहिरी खोदविल्या, विश्रामस्थाने व पाणपोया उभारल्या. पशूच्या गाठीला पैसा नसतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

२०२१ साली राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने सहाशेहून अधिक ठिकाणी विश्रामस्थाने खासगी सहभागाने उभारण्याचे योजिले. ‘खासगी’ या शब्दाचे वावडे निदान मराठी माणसाला तरी नसावे. होळकरांच्या दौलतीत ‘खासगी’ म्हणजे राणीचे स्वतंत्र उत्पन्न. काशीपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंचा दानधर्म चालला तो त्याच्या बळावर. आज तोच शब्द वाटसरूकडून होणाऱ्या प्राप्तीचा वाचक झाला आहे. ठेकेदाराने नफा मिळवू नये असे कोण म्हणेल? परंतु जमीन सार्वजनिक आहे. उपाहारगृहाचे दर न परवडणारा ट्रकचालक झोप डोळ्यांवर घेऊन पुढे निघाला, तर त्याची किंमत ठेकेदार मोजत नाही. रस्त्यावरचा कोणीही मोजतो. म्हणून पाणी, शौचालय, सावली आणि पाठ टेकण्यापुरती जागा ही काहीही विकत न घेणाऱ्यालाही विनामूल्य मिळतील, अशी अट करारातच असली पाहिजे. आणि ती फाटकावर, चालकांना वाचता येईल अशा भाषांत, ठळक लिहिलेली असावी.