विश्लेषण: जुन्या दप्तरातले ‘झुडपी जंगल’ आज का महत्त्वाचे?

नरखेडसह नागपूर जिल्ह्यातील अनेक गावांत घर, शाळा किंवा स्मशानभूमी नियमित होणार की नाही, हे महसूल दप्तरातील दोन शब्दांवर अवलंबून असू शकते. ते म्हणजे ‘झुडपी जंगल’. अशा जमिनी वनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत हे क्षेत्र सुमारे ८६ हजार हेक्टर आहे.

हे नाव आले कुठून?

विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. तिथल्या दप्तरात खुरट्या झुडपांच्या, गुरे चारण्याच्या जमिनीला हे नाव होते. त्यात दाट जंगल अभिप्रेत नव्हते.

मग ती वन कशी ठरली?

वनजमीन इतर कामासाठी द्यायची तर केंद्राची मंजुरी हवी, असे १९८० च्या वन संवर्धन कायद्याने ठरवले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असेल, तर मालकी कोणाचीही असो, ती वनजमीनच.

आता पुढे काय?

त्या तारखेपूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची आहे. त्यासाठी पर्यायी वनीकरणाची अट नाही. नंतरच्या वाटपांत मात्र आधी जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई होईल, मगच प्रस्तावाचा विचार. त्यामुळे जुना वाटप आदेश आणि त्यावरची तारीख हाच गावकऱ्यांचा मोठा आधार आहे.