नव्या मीटरचा जुना प्रश्न

वीजमीटर ही घरातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू होय. ती भिंतीवर असते, तिच्यावर धूळ साचते आणि महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन तिच्यावरील आकडा टिपून नेतो, एवढाच तिचा व आपला संबंध. अशा या मुक्या वस्तूवरून २०२४ पासून महाराष्ट्रात जेवढे बोलले गेले तेवढे क्वचितच एखाद्या घरगुती यंत्राविषयी बोलले गेले असेल. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतील मधल्या सुट्टीत, एस. टी.च्या थांब्यावर आणि हातोहाती फिरणाऱ्या मोबाइलवरील संदेशांत ‘स्मार्ट’ मीटरविषयी ठाम मते ऐकू येतात. ही मते ऐकताना एक गोष्ट मात्र खटकते. माणूस कोणत्या पक्षाचा हे आधी कळले, तर मीटरविषयी तो काय बोलणार हे बहुधा न विचारता सांगता येते. यंत्राविषयीचे मत यंत्राकडे पाहून न बनता झेंड्याकडे पाहून बनावे, हे ग्राहकाच्या हिताचे नाही आणि नागरिकाच्याही नाही.

प्रथम घटनाक्रम पाहू. केंद्र सरकारने २०२१ साली वीजवितरण क्षेत्राच्या सुधारणेसाठी एक योजना मंजूर केली. शेतीपंप वगळून देशातील सुमारे २५ कोटी ग्राहकांकडे आगाऊ पैसे भरून चालणारे मीटर बसवावेत, असे तिचे उद्दिष्ट होते. त्यानुसार महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. एका मीटरमागे खर्च सुमारे १२ हजार रुपये, म्हणजे एकूण बोजा २७ हजार कोटींच्या घरात. केंद्राचे अनुदान मीटरमागे कमाल ९०० रुपये. लोकसभा निवडणुकीचे निकाल जून २०२४ मध्ये लागले आणि त्याच महिन्यात, सामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत, अशी घोषणा तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केली. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. पुढे २०२५ मध्ये हेच मीटर ‘टीओडी’ या नावाने, मात्र पूर्वीप्रमाणे महिनाअखेर बिल देणारे म्हणून, घरोघर बसू लागले. कंत्राटे तीच आणि यंत्रही तेच राहिले. फरक पडला तो नावात आणि पैसे घेण्याच्या रीतीत.

या घोषणेत जनतेची फसवणूक झाली असे विरोधक म्हणतात. शब्द पाळला, प्रीपेड पद्धत आणली नाही, असे सरकार पक्ष म्हणतो. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार आहे. परंतु महाराष्ट्राबाहेर दृष्टी टाकली तर या पक्षीय आवेशाची किंमत कळते. बिहारमध्ये सत्तेची समीकरणे अनेकदा बदलली, तरी प्रीपेड मीटर बसविण्याचे काम चालूच राहिले आणि ते राज्य त्या बाबतीत देशात आघाडीवर गेले. गुजरातेत, बडोद्यात, मे २०२४ मध्ये ग्राहक रस्त्यावर उतरले. पश्चिम बंगालच्या सरकारने जून २०२५ मध्ये घरगुती मीटरांचे काम थांबविले. केरळने खासगी कंत्राटदाराने गुंतवणूक करावयाची पद्धत नाकारून स्वतःचा मार्ग शोधला. एकच यंत्र एका राज्यात प्रगतीचे चिन्ह ठरते आणि दुसऱ्या राज्यात लुटीचे साधन ठरते. तेव्हा कोणता पक्ष काय म्हणतो यावरून मीटरविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, तो पक्ष त्या राज्यात सत्तेवर आहे की विरोधात.

वस्तुतः या एका वादात तीन निराळे प्रश्न मिसळलेले आहेत. ते सुटे केल्याशिवाय विचार पुढे जाणार नाही.

पहिला प्रश्न मोजमापाचा. नवा मीटर जोरात पळतो, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. जुना मीटर मंद झाला असेल तर नव्यावर आकडा वाढणे स्वाभाविक आहे. उलट नव्यातच दोष असणेही अशक्य नाही. यांपैकी खरे काय, हे वादाने ठरत नाही, मोजून ठरते. आणि मोजण्याची सोय कायद्याने केलेली आहे. वीजग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ग्राहकाने वापर व नोंद जुळत नसल्याची तक्रार केल्यास कंपनीने पाच दिवसांच्या आत दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने पडताळा घ्यावयाचा असतो. वाढीव बिलाचे छायाचित्र शंभर जणांना पाठविणारे पुष्कळ आढळतात. हा अर्ज करणारा मात्र विरळा.

दुसरा प्रश्न पैशाचा. मीटर ‘मोफत’ आहे असे सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की, मोफत वस्तू म्हणजे जिचा दाम दुसऱ्या नावाखाली वसूल होतो ती. वितरण कंपनीचा मान्य झालेला खर्च अखेर दरात उतरतो. १२ हजार रुपयांत केवळ यंत्र येत नाही, ते बसविणे आणि अनेक वर्षांची देखभालही येते, हे मान्य केले पाहिजे. तरीही हा खर्च दहा वर्षांवर वाटला, तर व्याज सोडूनही महिन्याला एका मीटरमागे शंभर रुपये पडतात. आता दुसरी बाजू पाहू. या मीटरांवर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरासाठी युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. समजा, एखाद्या शिक्षकाचे कुटुंब महिन्याला १०० युनिट वीज वापरते. नवरा-बायको नोकरीवर, मुले शाळेत; दिवसाचा वापर म्हणजे काय तो शीतकपाटाचा. तो ३० युनिट धरला तर सवलत होते २४ रुपये. कंपनीचे म्हणणे असे की, गळती व चोरी कमी होऊन, वाचन करणाऱ्यांचा खर्च वाचून उरलेली तूट भरून निघेल. निघेलही. पण हे गृहीत धरावयाचे नाही, दरवर्षी हिशेब मांडून दाखवावयाचे आहे. तो हिशेब मागण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे.

तिसरा प्रश्न सत्तेचा, आणि तोच सर्वांत कमी बोलला जातो. जुना मीटर फक्त मोजत असे. नवा मीटर मोजतो, कळवितो आणि दुरून बंदही करता येतो. दर अर्ध्या तासाला किंवा त्याहूनही लवकर त्यात नोंद होत असल्यामुळे घर केव्हा जागे असते, केव्हा रिकामे असते, हेही त्या नोंदीवरून ताडता येते. ही माहिती कोणाच्या हाती राहणार? दुसरे असे की, विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रोजंदारीवर राबणाऱ्या वा उसाच्या पैशाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला हे १५ दिवस म्हणजे केवढा आधार असतो, हे ज्याने उधारीवर महिना काढला आहे त्याला सांगावे लागत नाही. प्रीपेड पद्धतीत शिल्लक संपली की दिवा विझतो; तेथे नोटिशीला अर्थच उरत नाही. प्रीपेडचा एक लाभही कायद्यात आहे, तोही सांगितला पाहिजे : असा मीटर स्वीकारणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. आज बिल महिनाअखेर येते, हे खरे. पण यंत्र तेच असल्यामुळे उद्या ही पद्धत बदलण्यासाठी घरोघर माणूस पाठविण्याचीही गरज पडणार नाही. म्हणूनच घोषणेपेक्षा नियामक आयोगाच्या आदेशात लिहिलेला शब्द अधिक मोलाचा.

मोजणारा कोण आणि साठा कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तेथे १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. नदीच्या पाण्यासाठी काढलेला पाट सापडला. बहुतेक घरे साधी. पण एक घर पाच खोल्यांचे आणि त्याच्या शेजारीच धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे घर असावे आणि गावाचे धान्य तेथे जमा होत असावे, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. म्हणजे पाट आणि कोठार ही त्या काळची नवी साधने आली, तेव्हा त्यांच्याबरोबर अधिकारही एका घराशेजारी येऊन बसला. साधन वाईट नव्हते. पाटाने पीक वाढले असेल आणि कोठाराने दुष्काळात जीवही वाचविले असतील. पण माप कोणाच्या हाती, हे त्या काळीही महत्त्वाचे होते.

आजच्या घोडकाठी हाच प्रश्न विजेच्या रूपाने उभा आहे. येथे नदीवर आणि विहिरींवर पंप आहेत, शिवारात ऊस आहे. शिरूर-जुन्नर भागात बिबट्याच्या भयाने रात्री पाणी धरणे जिवावरचे काम झाले आहे, म्हणून दिवसा वीज द्या, ही मागणी गावोगाव होते. याच शेतीपंपांचा मोठा भाग आजवर मीटरविना, अश्वशक्तीच्या हिशेबावर चालत आला. पंपांना किती वीज लागली याचा अंदाज बांधला जातो आणि त्या अंदाजाच्या पोटात वितरणाची गळती व चोरी दडविली जाते, असा आक्षेप ग्राहक संघटना वर्षानुवर्षे घेत आल्या आहेत. त्यांत शेतकऱ्याचीही बदनामी होते, कारण न वापरलेल्या विजेचे खापर त्याच्या माथी फुटते. तेव्हा गळती शोधणे हाच हेतू असेल तर आधी प्रत्येक रोहित्रावर व वाहिनीवर चोख मोजमाप झाले पाहिजे आणि ते आकडे गावाला दिसले पाहिजेत. घरातील दोन पंखे व चार दिवे अर्ध्या तासाने मोजावयाचे आणि शिवारातील हजारो अश्वशक्तीचा अंदाज करावयाचा, हा क्रम उलटा आहे.

येथे कोणी म्हणेल, सामान्य माणसाच्या हिशेबाला विचारतो कोण? महाराष्ट्राचा अनुभव असा निराशाजनक नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा ग्राहकाला कायद्याचे पाठबळ नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली झाला. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. त्यावर निवडणुका लढविल्या गेल्या, १९९५ मध्ये तो रद्द झाला आणि अल्पावधीतच फेरवाटाघाटी होऊन पुन्हा मान्यही झाला. घोषणा देणारे पक्ष बाजू बदलत राहिले. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थेने मात्र करारातील आकडे तपासून ही वीज मंडळाला परवडणार नाही असे दाखविले, आणि २००१ मध्ये मंडळाला ती वीज घेणे थांबवावे लागले. घोषणा विरल्या. आकडे टिकले.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. इंटरनेटवर काही ठरावीक सेवा फुकट व बाकीच्या पैसे देऊन, अशी व्यवस्था आणण्याचा घाट २०१५ मध्ये घातला गेला. फुकटाचे आकर्षण मोठे होते आणि त्यामागे बड्या कंपन्यांचे बळ होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लोकांची मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे त्याच्याकडे पोहोचली. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने असे भेदभावाचे दर बंद केले. त्या वेळीही लोक आपसांत खूप बोलले. पण ते बोलणे योग्य मेजावर, योग्य मुदतीत, लेखी स्वरूपात पोहोचले. नुसत्या चर्चेत आणि लोकमतात हाच फरक असतो.

विजेच्या बाबतीतही असे मेज आहे. दरवाढीच्या प्रस्तावावर राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवितो व जाहीर सुनावणी घेतो. आयोगाला ग्राहकांचे प्रतिनिधी नेमता येतात. गाऱ्हाण्यांसाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. या वाटा संथ आहेत, त्यांची भाषा किचकट आहे, सुनावणीचे ठिकाण गावापासून दूर आहे, हे सारे खरे. म्हणूनच शिकलेल्या वर्गाची जबाबदारी वाढते. गावात बिल वाचता येणारे लोक कोण? शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयात जाणारी मुले. इनामगावसारख्या गावात वीस घरांची गेल्या बारा महिन्यांची बिले या मुलांनी गोळा करावीत. नवा मीटर बसण्यापूर्वीचे व नंतरचे युनिट एका तक्त्यात मांडावेत, पाहुणे येणे वा नवे यंत्र घेणे अशी कारणे शेजारी लिहावीत आणि तो तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा. वाढ अकारण दिसली तर पडताळणीच्या मीटरसाठी अर्ज करावा. दिसली नाही तर तेही मोकळेपणाने सांगावे. याला पैसा लागत नाही, पक्षाचे सभासदत्व लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि आठ-दहा संध्याकाळी पुरतात.

शासनानेही तीन गोष्टी विनाविलंब कराव्यात. घरगुती ग्राहकाच्या लेखी संमतीवाचून प्रीपेड पद्धत लागू होणार नाही, हे आयोगाच्या आदेशातच नमूद करून घ्यावे. मीटरांवर झालेला खर्च आणि त्यामुळे झालेली बचत तालुकावार दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावी. आणि अर्ध्या तासाच्या नोंदी ग्राहकाच्या परवानगीशिवाय कंपनीबाहेर जाणार नाहीत, याची हमी द्यावी. सत्तेवर कोण आहे, यावर या मागण्या अवलंबून नाहीत. आजचे सत्ताधारी उद्या विरोधात बसले तर त्यांनाही याच कराव्या लागतील.

आपल्या आवडत्या पक्षाचे समर्थन करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. पण मीटर कोणाचाही समर्थक नसतो. तो सर्वांच्या घरी सारख्याच वेगाने फिरतो, आणि बिल आले की ते पक्ष न विचारता भरावे लागते. ते भरण्यापूर्वी निदान एकदा नीट वाचावे, एवढी सवय आपण लावून घेतली तरी पुष्कळ झाले.