पाणवठा : मिठागरावरून उडून जाणारे पाणी

वैशाखातल्या दुपारी दिव्याहून येणारी गाडी कामण रोड सोडून जूचंद्राकडे निघाली, की खिडकीबाहेरची खाजणे आणि पुढे नायगाव-भाईंदरच्या अंगाला पसरलेली मिठागरे पाहताना, आपण ज्यांना केवळ मीठ पिकवणारे वाफे समजत आलो ते वस्तुतः अर्धेच उभारलेले ऊर्ध्वपातनयंत्र आहे, हा विचार माझ्या मनातून जात नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आगरी माणूस एक किलो मीठ ओढून ढिगावर टाकतो, तेव्हा त्या किलोमागे तीस-पस्तीस लिटर निर्मळ गोडे पाणी सूर्याने आधीच वेगळे करून आकाशाच्या स्वाधीन केलेले असते. आणि त्याच दुपारी, त्याच तालुक्यात, टँकरची वाट पाहत दारोदार पिंपे मांडून ठेवलेली असतात. ते उडून जाणारे पाणी काचेखाली धरून ठेवण्याची जी युक्ती, तिला सौर ऊर्ध्वपातन म्हणतात. युक्ती जुनी आहे, निर्दोष आहे, आणि तरीही आपल्या घरांपर्यंत ती का पोचली नाही, याची कैफियत आज मांडावयाची आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी स्वतः एक पेटी करविली. मासळीच्या बाजारात टाकून दिलेली थर्माकोलची खोकी कापून तिला अस्तर दिले, आत पत्र्याचा काळा रंगविलेला तबकासारखा तळ बसविला, वर उतरती काच ठेवली आणि काचेच्या खालच्या कडेला पन्हळ लावून तिचे तोंड तांब्यात सोडले. खाडीचे पाणी बोटभर ओतले. दहाच्या सुमारास काच आतून धुरकट झाली, मग त्या धुरकटपणाचे थेंब झाले, थेंबांचे ओहोळ झाले, आणि काचेवरून तिरक्या वाटेने उतरणारे ते ओहोळ पाहण्यात माझी अख्खी दुपार गेली. संध्याकाळी पितळी तांब्या काठोकाठ भरला होता. परंतु पंधरवड्याने पाहावे तो तांब्या अर्धाही भरेना. काचेच्या कडेची लांबी उन्हाने तडकून वाफ बाहेर जात होती. काळ्या तळावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरून तो ऊन शोषण्याऐवजी परतवून लावीत होता. आणि काच मी फारच आडवी बसविल्याने बरेचसे थेंब पन्हळीपर्यंत न पोचता पुन्हा खाऱ्या पाण्यातच पडत होते. काच साधारण स्थानाच्या अक्षांशाइतकी, म्हणजे वसईत एकोणीस-वीस अंशांनी, कललेली असावी हे मला पुस्तकाने आधीच सांगितले होते. ते पटले मात्र तांब्या रिता राहिल्यावर.

या पेटीची मर्यादा तिच्या गणितातच आहे. एक लिटर पाण्याची वाफ करावयाला साधारण 0.65 किलोवॉट-तास एवढी उष्णता लागते, आणि आपल्याकडे चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर पाच-साडेपाच किलोवॉट-तास ऊर्जा उतरते. म्हणजे एक कणही वाया न गेला तर आठ लिटर, आणि काच, हवा व तळ आपापला वाटा घेऊन गेल्यावर प्रत्यक्षात अडीच-तीन लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाला केवळ पिण्यासाठी रोज पंधरा लिटर धरले, तरी पाच चौरस मीटर काच, अडीच खाटांची जागा, हवी. हा हिशेब ऐकून पुष्कळ जण विषयच बाजूला सारतात. मला तो हिशेब निराशेचा वाटत नाही. काचेखालचे पाणी धुण्याभांड्यांचे नव्हे, घशाचे आहे, एवढे एकदा ठरले की अडीच खाटांची जागा कौलारू घराच्या अंगणातही निघते.

शिवाय मोठ्या प्रमाणावर हे घडलेलेही आहे. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास येथे 1872 साली चार्ल्स विल्सन नावाच्या अभियंत्याने लाकडी तळ आणि काचेची छपरे यांचा जो विस्तार मांडला, तो दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक पाणी देत होता. सोऱ्याच्या खाणीतली खेचरे त्या पाण्यावर जगली, आणि ती व्यवस्था जवळपास चार दशके चालली. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने 1978 मध्ये गुजरातेतील अवानिया गावी दिवसाला पाच हजार लिटरांच्या क्षमतेचा प्रकल्प उभा केला. मिठाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनेच पाण्याकडे वळावे, यात मला मोठे औचित्य दिसते.

सुधारणेचा विचार करताना मात्र आपल्या फलटणची आठवण प्रथम येते. निंबकर कृषी संशोधन संस्थेत 1981 पासून काम करीत आलेले डॉ. अनिल राजवंशी यांचे आरंभीचे संशोधन याच विषयावरचे. पाण्यात गडद रंग मिसळला तर ऊन तळापर्यंत न जाता वरच्या थरातच शोषले जाते, पृष्ठभाग अधिक तापतो आणि तळावाटे होणारी नासाडी घटते, हे त्यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांतून दाखविले. काळ्या रंगाने उत्पादन 29 टक्क्यांपर्यंत वाढल्याची नोंद त्यांच्या 1981 च्या निबंधात आहे. रंग वाफेबरोबर वर जात नाही, खालीच राहतो. पुढे त्यांच्या संस्थेने सुती साडीच्या घड्यांतून गाळलेले पाणी उन्हाने तापणाऱ्या काचेच्या नळ्यांत निर्जंतुक करण्याची जी तजवीज केली, तिने क्षार जात नाहीत, म्हणून ती कामणच्या खाऱ्या पाण्याचे उत्तर नव्हे. परंतु घरात आहे त्या वस्तूपासून आरंभ करण्याची तिच्यातली दृष्टी मला प्रयोगशाळेतल्या कित्येक विक्रमांहून मोलाची वाटते.

विक्रमही झाले आहेत, आणि त्यांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. वाफ काचेवर थिजते तेव्हा तिने घेतलेली सगळी उष्णता ती काचेला परत देते, आणि साध्या पेटीत ती वाऱ्यावर जाते. तीच उष्णता दुसऱ्या थरातले पाणी तापवायला लावली, दुसऱ्याची तिसऱ्याला दिली, तर एकाच उन्हाकडून अनेकदा काम करून घेता येते. अमेरिकेतील एमआयटी आणि शांघायचे ज्याओ टोंग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2020 साली असे दहा थर एकामागे एक उभे करून, प्रखर उन्हाइतक्या प्रकाशात, चौरस मीटरमागे तासाला 5.78 लिटर पाणी काढले. माझी पेटी दिवसभरात देते त्याहून कितीतरी अधिक. तथापि थर वाढले की सांधे वाढतात, आणि सांधे वाढले की वाफ निसटण्याच्या वाटाही वाढतात. म्हणून माझे मत असे की, आपल्याकडे सुधारणेची कसोटी एका दिवसाचा उच्चांक ही नसावी. वसईच्या बाजारातला पत्र्याचे काम करणारा आणि काच कापणारा, हे दोघे मिळून ती पेटी बनवू शकतात काय, आणि तिसऱ्या वर्षी ती दुरुस्त करू शकतात काय, ही असावी. दहा थरांऐवजी दोनच थर, न तडकणारी रबरी कड, आठवड्याला तळ धुण्यासाठी खाली एक बूच, एवढ्या मामुली फरकांनी जे साधेल ते टिकेल.

शहरांचा प्रश्न याने सुटणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वसई-विरारची तहान सूर्या, उसगाव, पेल्हार या धरणांवर अवलंबून आहे आणि राहील. मुंबई महानगरपालिकेने मनोरीला दिवसाला 200 दशलक्ष लिटरांच्या निःक्षारीकरणाची योजना आखली ती दाबाने पाणी गाळणाऱ्या पडद्यांची, आणि एवढ्या प्रमाणासाठी तीच योग्य. काचेची पेटी नळाची वाट पाहणाऱ्या शेवटच्या घरासाठी आहे. खाडीकाठच्या पाड्यासाठी आहे. आणि कामणहूनही अधिक ती अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यासाठी आहे, जिथे विहिरीचे पाणी खारट, ऊन मुबलक आणि पावसाळा आमच्यापेक्षा पुष्कळच तोकडा. आमच्याकडे तर आषाढात पेटी निरुपयोगी होते, पण तीच उतरती काच आणि तीच पन्हळ पावसाचे पाणी गोळा करू शकते, याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही.

एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. ऊर्ध्वपातनाने क्षार, फ्लोराइड, नायट्रेट मागे राहतात. परंतु कारखान्यांच्या सांडपाण्यातली काही द्रव्ये वाफेबरोबर वर चढतात, म्हणून अशा सांडपाण्याची शंका असलेल्या नाल्याचे पाणी पेटीत घालू नये, आणि घातलेच तर तपासणीवाचून पिऊ नये. बेचव लागते म्हणून हे पाणी टाकूनही देऊ नये. त्यात थोडे चांगले विहिरीचे पाणी मिसळले की चव येते.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला स्वतंत्र झाला. किनारा, खाजण आणि डोंगर हे तिन्ही असलेल्या या जिल्ह्याच्या परिषदेला माझा अर्ज लहानसा आहे. खाडीकाठच्या पाच शाळांच्या अंगणात पाच पेट्या बसवाव्यात, जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांकडे त्यांची देखभाल सोपवावी, आणि प्रत्येक पेटीशेजारी एक वही टांगून कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत रोज किती लिटर पाणी आले ते मुलांच्या हातून लिहून घ्यावे. काच कधी फुटली, कड कधी सुटली, दुरुस्तीला किती पैसे लागले, तेही त्याच वहीत असावे. माझ्या पेटीची वही माझ्यापाशी आहे. ज्या शाळेला हवी असेल तिला ती, आणि पेटीही, मी आनंदाने देईन.

— कामणकर