कचरा कोणाचा, भार कोणावर?

कचऱ्याविषयीच्या सरकारी धोरणाला दोन तोंडे असतात. एक घोषणेचे, दुसरे निविदेचे. घोषणेत कचरा कमी करण्याचे आश्वासन असते. निविदेत तोच कचरा वाहून नेण्याचे पैसे बहुधा टनावर मोजले जातात. ज्याची कमाई टनावर ठरते, त्या ठेकेदाराला कचरा घटावा असे का वाटावे?

२००० सालच्या घनकचरा नियमांनी प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी शहरांना २००३ अखेरची मुदत दिली होती. मुदत उलटली, कचऱ्याचे डोंगर वाढतच राहिले. १९२७ पासून मुंबईचा कचरा झेलणारे देवनार २०१६ च्या जानेवारीत पेटले, तेव्हा धूर शहरभर पसरला आणि राज्यकर्त्यांना जाग आली. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या श्रमिकांना तो धूर नवा नव्हता. पुण्यानेही आपला कचरा उरुळी देवाची व फुरसुंगीच्या माथी मारला आणि तेथील ग्रामस्थांच्या विहिरी नासल्या. शहराची स्वच्छता ही अशी दुसऱ्याच्या अंगणात घाण लोटून साधली जाते.

यावर सत्ताधाऱ्यांचा आवडता तोडगा म्हणजे महागडी यंत्रे. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभा राहिला. भारतीय घरांतील ओला कचरा त्या भट्टीत जळेना. प्रकल्प अवघ्या काही आठवड्यांत बंद पडला. अशा भट्ट्यांना हवे असते ते कागद आणि प्लास्टिक. म्हणजे नेमके तेच, ज्यावर कचरावेचकाची चूल पेटते.

वस्तुतः कचरा कमी करण्याचे काम कोणी केले असेल, तर ते याच कष्टकऱ्यांनी. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही दलित. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. ‘आम्ही भीक मागत नाही, काम करतो’ ही जाणीव त्या संघटनेने दिली. पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली व २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा गोळा करणे, भंगार वेगळे काढणे आणि त्याच्या विक्रीचा हक्क कष्टकऱ्याकडे ठेवणे, ही ती व्यवस्था. येथे जितके भंगार वेगळे निघेल तितकी कमाई वाढते आणि डेपोकडे जाणारा कचरा घटतो. ठेकेदारीचे गणित याच्या नेमके उलटे आहे.

कारखानदारांना मात्र कोणी जाब विचारत नाही. २०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या स्त्रियांनी वापरलेले सॅनिटरी पॅड थेट उत्पादक कंपन्यांकडे परत धाडले. ही घाण उघड्या हातांनी उचलण्याची पाळी त्यांच्यावर रोज येत होती. २०१६ च्या नियमांत पॅडसोबत वेष्टन देण्याची तरतूद झाली, कचरावेचकांचीही दखल घेतली गेली. परंतु संघटित दबाव नसेल तर अशी कलमे कागदावरच राहतात.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या पालिकेत तीन मागण्या लावून धराव्यात: टनावर पैसे देणारे ठेके बंद करा, सुक्या कचऱ्यावर कचरावेचकांचा पहिला हक्क मान्य करा, वेष्टनाचा खर्च उत्पादकाकडून वसूल करा. नफा कारखानदाराचा आणि ओझे कष्टकरी स्त्रीच्या डोक्यावर, ही वाटणी जोवर मोडत नाही, तोवर स्वच्छतेच्या सर्व मोहिमा रंगवलेल्या भिंतीपुरत्याच उरतील.